सी.ए. रिपोर्ट कधी येणार? लहान जिल्ह्यांतील फॉरेन्सिक सेवा, सरकारी तिजोरी आणि ॲट्रॉसिटीचे खटले

ॲट्रॉसिटीचा गुन्हा घडला की आपण काय करतो, हे आपल्याला पाठ आहे. पोलीस ठाण्यावर जातो, योग्य कलमे लावून घेतो, अटकेसाठी मोर्चा काढतो, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देतो. हे सगळे करावेच लागते, नाहीतर गुन्हासुद्धा नोंदवला जात नाही. पण खटला न्यायालयात उभा राहतो तेव्हा मोर्चातली गर्दी तिथे नसते. तिथे साक्षीदार असतात आणि कागद असतात. त्या कागदांपैकी एक बहुतेक वेळा आलेलाच नसतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात वकील, कारकून, पोलीस सगळेच त्याला 'सी.ए. रिपोर्ट' म्हणतात. सी.ए. म्हणजे केमिकल अनालायझर, रासायनिक विश्लेषक. रक्त, व्हिसेरा, कपडे, हत्यार, माती, विष, डीएनए अशा तपासणीचा हा अहवाल न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतून येतो.

हा अहवाल वेळेवर का येत नाही, त्यात सरकारच्या तिजोरीचा संबंध काय आणि आपण त्यासाठी काय करू शकतो, हे आम्ही या लेखात मांडत आहोत. विषय तांत्रिक वाटेल, पण आपल्या अनेक खटल्यांचा निकाल याच कागदावर अडलेला असतो.

प्रयोगशाळा कुठे आहेत?

महाराष्ट्रात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालय गृह विभागाच्या अखत्यारीत येते. त्याचे मुख्यालय मुंबईत, सांताक्रूझजवळच्या कलिना येथे आहे. मुंबईखेरीज नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. चंद्रपूर, धुळे, रत्नागिरी, सोलापूर, ठाणे अशा ठिकाणी लघु प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पण लघु प्रयोगशाळेत मोजकेच विभाग असतात. डीएनए, सायबर किंवा आवाजाचे नमुने तपासायचे असतील तर मुद्देमाल मोठ्या प्रयोगशाळेकडेच पाठवावा लागतो.

राज्यात ३६ जिल्हे आहेत. म्हणजे बहुसंख्य जिल्ह्यांत पूर्ण सोयींची प्रयोगशाळा नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, नंदुरबार, सिंधुदुर्ग ही नावे घेतली तरी चित्र लक्षात येते. सिरोंचा तालुक्यातला मुद्देमाल नागपूरला न्यायचा तर तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. मोठ्या शहरातल्या पोलीस ठाण्याला प्रयोगशाळा तासाभरावर असते. लहान जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यासाठी ती एका दिवसाचा प्रवास असते. कायदा दोघांना सारखाच आहे, सोय मात्र सारखी नाही.

मुद्देमालाचा प्रवास

कागद कुठे अडतो हे कळण्यासाठी मुद्देमालाचा प्रवास समजून घेतला पाहिजे.

घटनास्थळी पंचनामा होतो. रक्ताचे डाग, माती, हत्यार, कपडे दोन पंचांसमोर जप्त होतात. प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात जाते, त्यावर लेबल लागते, पंचांच्या सह्या होतात, लाखेचे सील बसते. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनाच्या वेळी डॉक्टर व्हिसेरा राखून ठेवतात. रासायनिक तपासणीसाठी तो मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, तर पेशींच्या तपासणीचे नमुने फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. ही अदलाबदल झाली तर नमुना वाया जाऊ शकतो. रक्ताने भिजलेले कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे असतात. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले की बुरशी धरते आणि डीएनए नष्ट होऊ लागतो.

पुढे मुद्देमाल पोलीस ठाण्यात जातो. मुद्देमाल कारकून त्याची नोंद रजिस्टरमध्ये घेतो. तपास अधिकारी प्रयोगशाळेच्या नावाने पत्र तयार करतो. त्यात गुन्हा काय, कोणती वस्तू कोणाची आणि नेमके काय तपासायचे, हे लिहावे लागते. मग एखादा हवालदार ते सगळे घेऊन निघतो. प्रयोगशाळेत सील, लेबल आणि पत्र जुळवून पाहतात. काही जुळले नाही तर त्रुटी काढून माल परत पाठवला जातो. शेजारच्या गावी प्रयोगशाळा असेल तर दुरुस्ती दुसऱ्या दिवशी होते. दोनशे किलोमीटरवर असेल तर पुन्हा हवालदार, पुन्हा गाडी आणि पुन्हा तारीख ठरवावी लागते.

या साखळीतली प्रत्येक कडी न्यायालयात सिद्ध करावी लागते. जप्ती कधी झाली, माल कोणाच्या ताब्यात होता, किती दिवस पोलीस ठाण्यात पडून होता, प्रयोगशाळेत पोहोचला तेव्हा सील शाबूत होते का, हे प्रश्न बचाव पक्षाचा वकील विचारतोच. एक कडी तुटली की अहवाल कितीही चांगला असो, त्याचे वजन कमी होते. माल पाठवायला जितके दिवस लागतात, तितकी शंकेला जागा वाढते.

साक्षीदार फुटतात तेव्हा

आपल्या खटल्यांत या पुराव्याचे मोल अधिक का, याचे उत्तर गावात आहे. गुन्हा गावातल्या सवर्ण वस्तीत किंवा तिच्या देखत घडतो. प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार त्याच गावात राहतात, त्याच शेतात मजुरीला जातात, त्याच दुकानातून किराणा घेतात. आरोपींचे नातेवाईक रोज समोर असतात. खटला चार-पाच वर्षे लांबला की साक्षीदार फिरतात.

अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या शाळकरी मुलाची हत्या झाली. महाराष्ट्रभर आंदोलने झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, कारण महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाले होते. माणसाची जबानी बदलते, रक्ताचा डाग बदलत नाही. जबानी डळमळीत होणार हे ज्या खटल्यात आधीच दिसते, त्या खटल्यात भौतिक पुरावा पहिल्या दिवसापासून पक्का असावा लागतो.

त्याआधीचे खैरलांजी आपण विसरलेलो नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या करून मृतदेह कालव्यात टाकले गेले. पहिल्या शवविच्छेदनात लैंगिक अत्याचाराची तपासणी नीट झाली नाही, म्हणून संतापाची लाट उसळली. पुरलेले मृतदेह उकरून दुसरे शवविच्छेदन करावे लागले. तोपर्यंत मौल्यवान दिवस हातातून गेले होते. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना हत्येसाठी दोषी ठरवले, पण बलात्काराचा आरोप आणि ॲट्रॉसिटीची कलमे टिकली नाहीत. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर २५ वर्षांच्या जन्मठेपेत केले. या निकालामागे जातीय दृष्टीपासून तपासातल्या हलगर्जीपणापर्यंत अनेक कारणे होती. पण पहिल्या काही तासांत नमुने नीट घेतले गेले नाहीत, तर नंतर सीबीआय येऊनही ते परत मिळत नाहीत, हा धडा स्पष्ट आहे.

अलीकडचे उदाहरण परभणीचे. १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर पकडलेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदन परभणीत न होता सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाले. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे मृत्यूचे प्राथमिक कारण तिथे नोंदले गेले. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. सत्तेच्या बाजूने काहीही सांगितले गेले तरी वैद्यकीय कागद बोलतो, म्हणून तो कागद स्वतंत्र आणि वेळेवर मिळणे ही आपली गरज आहे.

साठ दिवसांचा कायदा

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले, त्यामुळे धर्मांतरित बौद्धांनाही त्याचे संरक्षण आहे. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिच्यानुसार ६० दिवसांत तपास करून दोषारोपपत्र दाखल करणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. उशीर झाला तर त्याचे कारण लेखी द्यावे लागते. दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला निकाली निघावा, असेही कायदा म्हणतो.

आता हे वेळापत्रक प्रयोगशाळेच्या रांगेशी जुळवून पाहा. दोषारोपपत्र साठ दिवसांत जाते, पण त्यात एक ओळ असते: सी.ए. रिपोर्ट प्राप्त होताच सादर करण्यात येईल. खटला उभा राहतो, सरकारी वकील अहवालासाठी तारीख मागतात, न्यायालय पोलिसांना स्मरणपत्र द्यायला सांगते, पोलीस प्रयोगशाळेला पत्र लिहितात. तोपर्यंत आरोपीचा वकील जामीन मागताना म्हणतो की वैज्ञानिक पुरावा अजून आलेलाच नाही. आरोपी बाहेर येतो, गावात फिरतो आणि साक्षीदारांवर दबाव सुरू होतो. म्हणजे रिपोर्टचा उशीर साक्षीदार फोडायला मदत करतो. दोन्ही अडचणी एकमेकींना वाढवतात.

पीडितांच्या मदतीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. नियमांनुसार हत्येच्या प्रकरणात ८ लाख २५ हजार रुपयांची मदत आहे. तिचा अर्धा भाग शवविच्छेदनानंतर आणि उरलेला दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर मिळतो. बलात्काराच्या प्रकरणातला पहिला अर्धा हप्ता वैद्यकीय तपासणी आणि तिच्या अहवालाशी जोडलेला आहे. हा अहवाल तपासणाऱ्या डॉक्टरांचा असतो. 'प्रयोगशाळेचा रिपोर्ट आल्यावर बघू' असे समाजकल्याण कार्यालयात सांगितले गेले, तर ते मान्य करू नये आणि लेखी उत्तर मागावे.

नवा कायदा आला, पैसे?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६ प्रमाणे सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे आणि त्याचे चित्रीकरण करायचे आहे. ही तरतूद पूर्ण लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. राज्यात सोय नसेल तर दुसऱ्या राज्याची सेवा घेता येते. तरतूद चांगली आहे, पण तिच्यात आपल्या दृष्टीने एक फट आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मधल्या गुन्ह्यांना कमाल शिक्षा पाच वर्षे आहे. जातिवाचक शिवीगाळ, जमीन बळकावणे, सामाजिक बहिष्कार हे सगळे त्यात येते. फक्त ही कलमे लागली असतील, तर तज्ज्ञाची भेट सक्तीची नाही. तिथे पुरावा जपण्याचा आग्रह आपल्यालाच धरावा लागेल.

अशा गुन्ह्यांत आज मुख्य पुरावा मोबाईलमधला व्हिडिओ किंवा व्हॉट्सॲप स्टेटस असतो. तो न्यायालयात टिकण्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते आणि त्याच्या एका भागावर तज्ज्ञाची सही असते. म्हणजे प्रत्येक जिल्ह्याला आता सायबर तज्ज्ञही हवेत.

काम वाढले, पण त्या प्रमाणात माणसे आणि यंत्रे वाढली का? केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये राष्ट्रीय फॉरेन्सिक पायाभूत सुविधा वाढीसाठी २,२५४.४३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ती २०२८-२९ पर्यंत आहे. तिचा भर राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाच्या आवारांवर आणि केंद्रीय प्रयोगशाळांवर आहे. निर्भया निधीतून राज्यांच्या प्रयोगशाळांतल्या डीएनए विभागांना मदत मिळते. पण रोजचा खर्च राज्यालाच उचलावा लागतो. पगार, रसायने, डीएनएचे किट, यंत्रांची देखभाल, वीज, इमारत हे सगळे गृह विभागाच्या अंदाजपत्रकातून येते. यंत्र खरेदीची बातमी होते, फोटो येतो. त्याच यंत्राचा देखभाल करार संपला आणि ते बंद पडले, याची बातमी होत नाही.

२०२५ पासून राज्यात फिरत्या फॉरेन्सिक व्हॅन आल्या आहेत. त्यांचे आम्ही स्वागत करतो. लहान जिल्ह्यात घटनास्थळी प्रशिक्षित माणूस लवकर पोहोचला, तर खैरलांजीसारखी चूक टळू शकते. पण व्हॅन मुख्यतः पुरावा गोळा करते. सविस्तर तपासणी प्रयोगशाळेतच होते. व्हॅन वाढल्या आणि प्रयोगशाळेतले विश्लेषक तेवढेच राहिले, तर रांग आणखी लांबेल. विहिरीला मोटा वाढवल्या म्हणून पाणी वाढत नाही.

हा जातीचा प्रश्न आहे का?

काही जण म्हणतील, रिपोर्टचा उशीर सगळ्यांनाच होतो, यात जात कुठे आली? उशीर सगळ्यांना होतो हे खरे. पण त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. पैसेवाला फिर्यादी चांगला वकील लावतो, पाठपुरावा करतो, उच्च न्यायालयात जातो. मजुरी बुडवून तारखेला येणाऱ्या बाईला ते परवडत नाही. ज्याच्याकडे सत्ता नाही, त्याची सगळी भिस्त सरकारी यंत्रणेवर असते. म्हणून सरकारी प्रयोगशाळा दुबळी राहिली की सर्वांत मोठे नुकसान दुबळ्याचेच होते.

आणखी एक बाजू आहे, आणि ती आपण मोकळेपणाने मांडली पाहिजे. चांगली प्रयोगशाळा निर्दोष माणसालाही वाचवते. आपली कितीतरी पोरे संशयावरून उचलली जातात आणि महिनोन्‌महिने तुरुंगात राहतात. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, तपासून पाहा, हे तथागतांनी कालामांना सांगितले. पुराव्याची मागणी करणारा समाज म्हणून आपण ती सगळ्यांसाठी करतो.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिल्या ७२ तासांना सर्वाधिक महत्त्व द्या. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची तपासणी शक्य तितक्या लवकर व्हायला हवी. उपचार सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांत मोफत मिळाले पाहिजेत, तसा कायदा आहे. तपासणीपूर्वी कपडे धुवू नयेत, हे घरच्यांना समजावून सांगा. वैद्यकीय अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. 'टू फिंगर टेस्ट' सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली आहे. कुठे केली गेली तर लेखी तक्रार करा.

मुद्देमाल प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला गेला आणि त्याची पोचपावती आली का, हे फिर्यादीमार्फत लेखी विचारा. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मुद्देमाल नेण्यासाठी गाडीभाडे कोणी मागितले तर देऊ नका. हा खर्च सरकारचा आहे.

जामिनाच्या सुनावणीत पीडिताला बाजू मांडण्याचा हक्क कलम १५-अ ने दिला आहे. तिथे सांगता येते की रिपोर्ट सरकारच्या उशिरामुळे आलेला नाही, त्याचा फायदा आरोपीला देऊ नये.

जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात, खासदार आणि आमदार सदस्य असतात, आपल्या समाजाचे अशासकीय सदस्यही असतात. जिल्ह्यातल्या किती ॲट्रॉसिटी खटल्यांत सी.ए. रिपोर्ट थकला आहे, याची यादी प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेवर ठेवायला लावा. आपले सदस्य फक्त चहा-बिस्किटांसाठी बसत असतील तर त्यांना जाब विचारा.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. एखाद्या चालू तपासाचा कागद कदाचित मिळणार नाही, पण आकडे मागता येतात. आपल्या विभागाच्या प्रयोगशाळेत मंजूर पदे किती, भरलेली किती, प्रलंबित प्रकरणे किती, बंद यंत्रे किती, मागच्या तीन वर्षांत मिळालेला आणि खर्च झालेला निधी किती, हे विचारा. उत्तर आले की ते अधिवेशनापूर्वी आपल्या आमदाराच्या हातात द्या आणि तारांकित प्रश्न विचारायला सांगा. पुरवणी मागण्यांच्या वेळी हाच आकडा कामाला येतो. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांच्या गाड्या आणि सीसीटीव्ही घेतले जातात. तर नमुने ठेवायचे फ्रीज, वाळवणीची कपाटे आणि मुद्देमाल नेण्याच्या गाडीचीही मागणी पालकमंत्र्यांकडे करता येते.

आरोपी सुटले तरी काम संपत नाही. जानेवारी २०१४ मध्ये गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्येक निर्दोष सुटकेनंतर तपासातल्या चुका तपासाव्यात आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई व्हावी. त्या निकालाचा हवाला देऊन गृह विभागाला पत्र लिहा. अपिलाची मुदतही सांभाळा.

शेवटी आमची तरुणांना एक विनंती आहे. रसायनशास्त्र, जीवशास्त्र, संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी फॉरेन्सिक विज्ञानाकडे वळावे. या पदांच्या जाहिराती निघतात तेव्हा आपल्या विहारांतल्या फलकांवर त्या लागायला हव्यात, अभ्यासिकांत त्यांची तयारी व्हायला हवी. आपल्या वस्तीतली मुलगी विश्लेषक होऊन सूक्ष्मदर्शकासमोर बसली, तर तिने कोणाची बाजू घ्यावी अशी आमची अपेक्षा नाही. तिने जे दिसेल ते वेळेवर आणि खरे लिहावे, एवढेच पुरे आहे.

येत्या दक्षता समितीच्या बैठकीची तारीख जिल्हाधिकारी कार्यालयातून आजच विचारून घ्या.

जय भीम.